न सापडलेलं छिद्र : चांग मी-मान आणि युन्नानचे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे मासे

खडकवेडी

२.८ सेंटीमीटर लांबीची, एका प्राचीन माशाची कवटी, दगडात रुतलेली. १९८० साली बीजिंगहून स्टॉकहोमला आलेल्या जीवाश्मशास्त्रज्ञ चांग मी-मान यांनी ती दगडासकट घासायला घेतली. एका वेळी मिलिमीटरचा विसावा भाग घासायचा, उघडा पडलेला छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघून मोठ्या कागदावर काढायचा, आणि पुन्हा पुढचा विसावा भाग घासायचा. असे ५४० हून अधिक छेद झाले. त्यात जवळजवळ दोन वर्षं गेली आणि अखेरीस मूळ कवटी उरलीच नाही. उरली ती चित्रं, आणि त्या चित्रांबरहुकूम मेणाचे पातळ पत्रे कापून, एकावर एक बसवून केलेली मोठी प्रतिकृती. कवटीच्या आत मेंदूची पोकळी कुठे, कुठली नस कुठल्या भोकातून बाहेर पडते, रक्तवाहिन्या कशा वळतात, हे सगळं त्या मेणात हाताळून बघता येत होतं.

त्या प्रतिकृतीत एक गोष्ट असायला हवी होती आणि ती नव्हती. त्या नसण्यानं एक जुना, भक्कम समजला जाणारा सिद्धांत हलला. मला या बाईंविषयी जे सांगायचंय ते मुख्यतः हेच. जीवाश्मशास्त्र म्हटलं की 'सापडलं!' याच्याच बातम्या होतात. इथे काहीतरी सापडलं नाही, आणि 'नाही' असं ठामपणे म्हणता यावं म्हणून दोन वर्षं घासकाम करावं लागलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. चांग मी-मान यांचा जन्म १९३६ चा, नानजिंगचा. वडील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. पण १९५० च्या दशकात नव्या चीनला लोखंड, कोळसा, तेल शोधायचं होतं, आणि हुशार मुलामुलींनी भूशास्त्राकडे वळावं असं आवाहन होतं. तीही वळली. १९५५ मध्ये तिला शिकायला मॉस्कोला पाठवलं गेलं. तिथे पुराजीवशास्त्र घेतलं खरं, पण त्यातलं नेमकं काय करायचं हे ठरत नव्हतं. चीनमधले ज्येष्ठ मत्स्यशास्त्रज्ञ वू श्येनवेन यांनी तिला जीवाश्म मासे घ्यायला सुचवलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. १९६० मध्ये मॉस्को विद्यापीठातून पदवी घेऊन ती बीजिंगला परतली आणि पृष्ठवंशी पुराजीवशास्त्र व पुरामानवशास्त्र संस्थेत रुजू झाली. आयुष्यभराचं काम त्याच संस्थेत झालं.

सुरुवातीची वर्षं चज्यांग प्रांतातल्या डोंगरांत पायपीट करण्यात गेली. ते मासे डायनासोरांच्या काळातले. १९६५ मध्ये स्टॉकहोमच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात शिकायची संधी आली. एरिक स्टेन्शो, एरिक यार्विक, टोर ऑर्विग ही त्या काळातली प्राचीन माशांची सर्वांत दबदबा असलेली मंडळी तिथे होती. पण १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली, तिला मायदेशी परतावं लागलं, आणि पुढची कित्येक वर्षं संशोधन जवळजवळ ठप्प झालं. परत स्टॉकहोम गाठायला १९८० उजाडलं. तेव्हा वय ४४. या वयात लोक संस्थांचे प्रमुख होतात. ही पुन्हा विद्यार्थिनी होऊन यंत्रासमोर बसली.

सोबत नेलेला मासा युन्नान प्रांतातल्या छूजिंग भागातला, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचा. संस्थेचे संस्थापक यांग चोंगज्येन यांच्या सन्मानार्थ त्याचं नाव ठेवलं गेलं यंगोलेपिस.

आता त्या छिद्राकडे येते. माशाचं नाक आणि आपलं नाक यांत मूलभूत फरक आहे. माशाला प्रत्येक बाजूला दोन नाकपुड्या असतात, दोन्ही बाहेरच्या अंगाला. पुढच्यातून पाणी आत येतं, मागच्यातून बाहेर जातं, मधे वास कळतो. श्वासाचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्यासाठी कल्ले आहेत. आपल्या प्रत्येक नाकपुडीची दुसरी बाजू मात्र आत, घशाकडे उघडते. त्या आतल्या छिद्राला शास्त्रात कोआना म्हणतात. ते आहे म्हणून तोंड मिटून श्वास घेता येतो. बेडकापासून माणसापर्यंत सगळ्या चार पायांच्या प्राण्यांत ते आहे. म्हणून कुठल्या प्राचीन माशांत ते आधी आलं, यावर जमिनीवर चढलेल्यांचे पूर्वज कोण हे ठरत होतं.

यार्विक यांनी कॅनडातल्या युस्थेनोप्टेरॉन या माशाच्या कवटीचे असेच छेद घेऊन आयुष्याची कित्येक वर्षं घालवली होती. त्यांचं म्हणणं असं, की युस्थेनोप्टेरॉनसारख्या, मांसल परांच्या माशांच्या दोन मोठ्या गटांत आतलं छिद्र होतं. त्यावरून त्यांनी त्याहून धाडसी निष्कर्ष काढला: चतुष्पाद प्राणी एकदा नव्हे, दोनदा, दोन वेगळ्या माशांपासून निर्माण झाले. या विषयात यार्विकांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, असा तो काळ.

यंगोलेपिस याच मांसल परांच्या माशांच्या जवळचा, आणि वयानं त्यांच्याहून जुना. त्याच्यात कोआना मिळेल अशी अपेक्षा होती. चांग यांनी शेकडो छेदांतून टाळूची हाडं पुढून मागे तपासली. छिद्र नाही. मग यार्विकांनी इतर माशांसाठी दिलेल्या पुराव्यालाही त्यांनी प्रश्न विचारले: जे छिद्र म्हणून दाखवलंय ते खरंच जीवाश्मात आहे, की तुटलेला भाग पूर्ण करताना तसं गृहीत धरलंय? हे सगळं यार्विकांच्याच संग्रहालयात, त्यांच्याच पद्धतीनं. १९८२ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठानं डॉक्टरेट दिली. यार्विक शेवटपर्यंत आपल्या मतावर राहिले. शास्त्र पुढे गेलं.

१९८४ मध्ये चांग आणि त्यांचे सहकारी यू श्याओबो यांनी छूजिंगच्याच थरांतून डायबोलेपिस या आणखी एका माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं. फुप्फुसमाशांच्या, म्हणजे फुप्फुसांनी हवाही घेणाऱ्या माशांच्या, मुळाशी असलेला हा मासा, दातांच्या पट्ट्यांवरून ओळखू येणारा. यंगोलेपिसही याच फांदीजवळचा, असं आता मानलं जातं. म्हणजे कोआनाच्या शोधात घासलेली कवटी निघाली फुप्फुसमाशांच्या गोतावळ्यातली.

चांग १९८३ मध्ये बीजिंगच्या संस्थेच्या प्रमुख झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. १९९१ मध्ये चिनी विज्ञान अकादमीवर निवड झाली, १९९२ ते १९९६ आंतरराष्ट्रीय पुराजीवशास्त्र संघटनेचं अध्यक्षपद होतं, २०१६ मध्ये रोमर-सिम्पसन पदक मिळालं. २०१८ मध्ये पॅरिसला युनेस्को आणि लोरियालचा महिला शास्त्रज्ञांसाठीचा पुरस्कार स्वीकारताना त्यांनी चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्वीडिश अशा पाच भाषांत आभार मानले, आणि चीनमध्ये त्या ८१ व्या वर्षी घराघरांत पोचल्या. मला मात्र त्या भाषणापेक्षा १९९० च्या दशकातला त्यांचा एक निर्णय जास्त मोठा वाटतो. त्याविषयी प्रतिसादांत लिहीन, लेख फार लांबला.

---

पैंजण

फार सुंदर. माशांना दोन्ही बाजूंना दोन-दोन नाकपुड्या असतात हे आज कळलं. घरी सुरमई आली की आता आधी तोंडाकडे बघणार. एक शंका: मग आपली मागची नाकपुडी आत गेली कशी? बाहेरून घशात जायला मधे जबड्याचं हाड आणि दात आहेत ना?

---

खडकवेडी

पैंजण, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. हाच आक्षेप अनेक शास्त्रज्ञांनी घेतला होता. मागची नाकपुडी आत जायची तर तिला दातांची रांग ओलांडायला हवी, आणि ते अशक्य दिसतं. त्यामुळे आपलं आतलं छिद्र म्हणजे जागा बदललेली नाकपुडी नसून नव्यानं तयार झालेलं वेगळंच छिद्र असावं, असंही एक मत होतं.

उत्तर कुठून आलं तर पुन्हा छूजिंगमधून. १९९३ मध्ये चांग आणि त्यांचे विद्यार्थी जू मिन यांनी केनिक्थिस नावाच्या माशाचं वर्णन केलं, सुमारे ३९.५ कोटी वर्षांपूर्वीचा. पुढे २००४ मध्ये जू मिन आणि पेर आल्बेर्ग यांनी त्याचं थूथन बारकाईनं तपासलं. वरच्या जबड्यात पुढचं एक हाड आणि बाजूचं एक हाड असतं. बाकी माशांत ती एकमेकांना चिकटलेली. केनिक्थिसमध्ये त्यांच्यामध्ये फट आहे, आणि मागची नाकपुडी नेमकी त्या फटीत बसली आहे! ना धड बाहेर, ना धड आत. म्हणजे दातांची रांग आधी तुटली, नाकपुडी तिथून सरकली, आणि मागाहून रांग पुन्हा जुळली.

यंगोलेपिसमध्येही मागची नाकपुडी बाहेर आहे, पण खाली ओठाच्या काठाजवळ आलेली. त्यानंतर केनिक्थिस, त्यानंतर युस्थेनोप्टेरॉन. क्रमानं बघितलं की प्रवास दिसतो.

---

सर्जन_सोलापूर

हे वाचून थक्क झालो. मी दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रिया करतो. गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात वरचा ओठ आणि जबडा तयार होताना नाकाच्या बाजूनं येणारा उंचवटा आणि गालाच्या बाजूनं येणारा उंचवटा एकमेकांना येऊन मिळतात. ते मिळाले नाहीत तर फट राहते, आणि ती फट ओठापासून नाकपुडीपर्यंत जाते. खडकवेडीताईंनी सांगितलेली केनिक्थिसची फट अगदी त्याच दोन हाडांच्या मधली. आमच्या अभ्यासक्रमात गर्भविज्ञान शिकवतात, पण त्यामागे इतका जुना मासा आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

नातेवाईक विचारतात, 'डॉक्टर, असं का झालं? ग्रहणात चिरलं म्हणून?' ग्रहणाची भीती घालवायला मी गर्भातली ही जुळणी कागदावर काढून दाखवतो. सगळ्यांच्याच चेहऱ्यात ती फट एकेकाळी असते, बहुतेकांची भरते, काहींची भरायची राहते. आईचा त्यात काही दोष नाही.

---

खडकवेडी

डॉक्टर, तुमच्या प्रतिसादासाठी खास आभार. जू आणि आल्बेर्ग यांच्या २००४ च्या निबंधानंतर याच साम्याची चर्चा झाली होती. कागदावर काढून दाखवता हे फार मोलाचं आहे.

---

साशंक

लेख आवडला, पण एक मुद्दा पटवून घ्यायचाय. ४१ कोटी वर्षं दगडात दबलेली एकच कवटी. छिद्र 'दिसलं नाही' म्हणजे 'नव्हतं' हे कसं म्हणता येईल? दाबामुळे बुजलं असेल, हाड सरकलं असेल. यार्विकांसारखा माणूस, ज्यानं आयुष्य त्यात घातलं, तो असाच चुकला म्हणायचं?

---

खडकवेडी

साशंक, प्रश्न रास्त आहे आणि स्टॉकहोममध्येही तो विचारला गेलाच असणार. दोन गोष्टी सांगते.

पहिली, हा पुरावा वरवर बघण्याचा नाही. कवटी बाहेरून बघून 'टाळूत भोक दिसत नाही' म्हटलं असतं तर तुमचा आक्षेप लागू पडला असता. इथे २८ मिलिमीटर लांबीत ५४० च्या वर छेद आहेत. नाकाच्या पोकळीचं तळ प्रत्येक छेदात दिसतं, पुढच्या छेदात ते कुठे गेलं हेही दिसतं. दाबानं बुजलेलं छिद्र असेल तर हाडाच्या कडा तुटलेल्या, चुरडलेल्या दिसतील. सलग, शाबूत तळ वेगळा ओळखू येतो.

दुसरी गोष्ट मला जास्त निर्णायक वाटते. यंगोलेपिसच्या प्रत्येक बाजूला बाहेरच्या दोन्ही नाकपुड्या सापडतात, पुढचीही आणि मागचीही. मागची आत गेली असती तर बाहेर एकच दिसली असती. दोन्हींचा हिशेब बाहेरच लागतो.

यार्विकांबद्दल मला पूर्ण आदर आहे. युस्थेनोप्टेरॉनमध्ये कोआना आहे हे त्यांचं म्हणणं आजही मान्य आहे. ग्रीनलंडच्या इक्थिओस्टेगा या सुरुवातीच्या चतुष्पादावरचं त्यांचं काम तर या शास्त्राचा पाया आहे. चुकलं ते एका गटातलं दुसऱ्या गटात आहे असं धरून चालण्यात, आणि त्यावर 'चतुष्पाद दोनदा निर्माण झाले' असा इमला चढवण्यात. चांग यांनी तपासायची पद्धत त्यांच्याच परंपरेतून उचलली. मला यात बंडखोरी दिसत नाही, उलट गुरूची पद्धत गुरूपेक्षा काटेकोर पाळणं दिसतं.

---

साशंक

दोन्ही नाकपुड्यांचा मुद्दा पटला. धन्यवाद.

---

ध्रुवतारा

स्टॉकहोमहून लिहितोय. हे संग्रहालय आमच्या विद्यापीठाच्या अगदी शेजारी आहे, फ्रेस्काती भागात. मुलांना घेऊन अनेकदा गेलोय, देवमाशाचे सांगाडे बघायला. वरच्या मजल्यांवर असं काम चाललं असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

इथला डिसेंबर कसा असतो ते सांगतो. दुपारी तीनला अंधार, सकाळी साडेआठपर्यंत उजेड नाही. आज घरच्यांशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलूनही हा काळ जड जातो. १९८० मध्ये बीजिंगहून एकटी आलेली बाई, घरी पत्रांशिवाय संपर्क नाही, आणि दिवसभर खिडकीबाहेर अंधार असताना दगडाचे छेद काढतेय. त्या रात्ररात्र प्रयोगशाळेतच असायच्या असं मी इथे ऐकलंय.

---

रेवती_क

ध्रुवतारा यांनी घरच्यांचा विषय काढला म्हणून विचारते. त्यांना मूलबाळ? संसार? की हे सगळं सोडूनच?

---

खडकवेडी

रेवती, लग्न झालेलं होतं, एक मुलगीही आहे. पण मुलगी लहानपणी आजी-आजोबांकडे वाढली. आधी डोंगरांतली भटकंती, मग परदेश, मग सांस्कृतिक क्रांतीची वर्षं. त्या पिढीतल्या अनेक चिनी शास्त्रज्ञांच्या घरी हेच चित्र होतं. याला 'त्याग' म्हणून झळाळी द्यायला माझं मन धजत नाही. आई आणि मुलगी दोघींचंही त्यात गेलं, एवढंच म्हणेन.

---

वाघूर

मी भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे मेणाच्या प्रतिकृतीविषयी थोडी भर घालतो. ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. स्टेन्शो यांनी ती जबडा नसलेल्या प्राचीन माशांवर वापरून नाव कमावलं. पोळ्यांची चवड लावावी तसे मेणाचे पत्रे एकावर एक रचायचे. एक पत्रा जरी तिरका बसला तर नसांचे मार्ग जुळत नाहीत. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे नमुना कायमचा जातो. एकदा घासलं की परत बघायची सोय नाही, म्हणून प्रत्येक चित्र पहिल्याच वेळी बरोबर यायला हवं.

आज सीटी स्कॅन किंवा सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) वापरून दगड न फोडता आत बघता येतं. याच संदर्भात एक किस्सा चांग यांच्याच नावाशी जोडलेला आहे. २००६ मध्ये जू मिन, यू श्याओबो आणि सहकाऱ्यांनी युन्नानच्या एका माशाला मीमॅनिया असं नाव दिलं, चांग मी-मान यांच्या सन्मानार्थ. तेव्हा तो मांसल परांच्या माशांतला, म्हणजे यंगोलेपिसच्या बाजूचा, समजला गेला. २०१६ मध्ये सीटी स्कॅननं कवटीचा आतला भाग बघितला तर तो निघाला किरणपरांचा, म्हणजे रोहू, बांगडा, सुरमई यांच्या बाजूचा. त्या शाखेतल्या आजवर माहीत असलेल्या सर्वांत जुन्या माशांपैकी एक! ज्यांनी आयुष्यभर 'आत बघितल्याशिवाय बोलू नका' हे करून दाखवलं, त्यांच्याच नावाच्या माशाचं खरं नातं आत बघितल्यावरच कळलं.

---

खडकवेडी

वाघूर सर, ही भर अत्यंत आवश्यक होती. त्यांच्या नावाचा एक पक्षीही आहे बरं का, मीमॅनाविस, वायव्य चीनमधला क्रिटेशियस काळातला, २०२१ मध्ये नाव दिलेला.

आता १९९० च्या दशकातल्या त्या निर्णयाविषयी. छूजिंगचे मासे तोवर जगभर गाजायला लागले होते. त्या थरांतून पुढे काय काय येणार याचा अंदाज चांग यांना सर्वांपेक्षा जास्त असणार. ज्याच्या हातात अशी खाण असते तो सहसा ती सोडत नाही. त्यांनी सोडली. हा विषय जू मिन आणि इतर तरुणांकडे सोपवून त्या बऱ्याच अलीकडच्या काळातल्या, म्हणजे नवजीव महाकल्पातल्या, माशांकडे वळल्या. या माशांकडे चीनमध्ये फारसं कोणी लक्ष देत नव्हतं.

त्यानंतर छूजिंगमधून काय आलं बघा. २००९ मध्ये ग्वेयू, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा, जवळजवळ अख्खा मिळालेला, हाडांचा सांगाडा असलेला मासा. २०१३ मध्ये एंटेलोग्नाथस, ज्याच्या चेहऱ्यावर आपल्यासारखी जबड्याची हाडं आहेत पण धड चिलखती माशांचं. दोन्ही शोध जू मिन यांच्या चमूचे. हे यश आपल्या नावावर घेता आलं असतं, आणि त्यांनी ते जाणूनबुजून दुसऱ्यांसाठी मोकळं ठेवलं. आपल्याकडच्या विद्यापीठांत काम केलेल्यांना हे किती दुर्मीळ आहे ते वेगळं सांगायला नको.

---

वाघूर

या मुद्द्यावर +१००. आमच्या पिढीनं उलटं बरंच पाहिलंय.

---

नागपुरी

चांग यांच्या डायबोलेपिसचा उल्लेख वाचून राहवलं नाही. फुप्फुसमाशांच्या अभ्यासात आमच्या नागपूरचंही नाव आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४० च्या दशकात नागपूरला आले. धर्मप्रचार, शाळा आणि फावल्या वेळात जीवाश्म गोळा करणं. गोदावरी खोऱ्यातल्या मालेरी गावाजवळ, म्हणजे आजच्या तेलंगणात, त्यांना फुप्फुसमाशांच्या दातांच्या पट्ट्या मिळाल्या. १८५९ मध्ये ओल्डहॅम यांनी त्यांचं वर्णन केलं, आणि त्यातल्या एका जातीला हिस्लॉपांचंच नाव दिलं: सेराटोडस हिस्लॉपियानस. ते थर ट्रायासिक काळातले.

म्हणजे फुप्फुसमासे एकेकाळी आपल्या बाजूलाही होते. आज भारतात एकही नाही. डायबोलेपिसच्या दातांविषयी अजून थोडं लिहाल का?

---

खडकवेडी

नागपुरी, वा! हिस्लॉपांचा संदर्भ इथे अगदी चपखल आहे. आजचे फुप्फुसमासे फक्त तीन खंडांत उरलेत: आफ्रिकेत चार जाती, दक्षिण अमेरिकेत एक आणि ऑस्ट्रेलियात एक.

त्यांच्या दातांची गंमत अशी, की सुटे सुटे दात नसतात. टाळूवर आणि खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला दातांच्या जाड पट्ट्या असतात, पंख्यासारख्या पसरलेल्या धारांच्या. कवच आणि शिंपले फोडायला उत्तम. त्या पट्ट्या घट्ट असल्यामुळे हाडं कुजून गेली तरी त्या टिकतात, म्हणून हिस्लॉपांच्या हाती नेमक्या त्याच लागल्या. डायबोलेपिसमध्ये अशा पट्ट्यांची सुरुवात दिसते, पण कवटीची बरीचशी ठेवण अजून जुन्याच माशांची आहे. त्यामुळे फुप्फुसमासे कुठल्या मंडळींतून वेगळे झाले ते समजायला तो फार उपयोगी पडला.

---

पैंजण

वू श्येनवेन हे नाव परत येणार म्हणाला होतात. मी वाट बघतेय.

---

खडकवेडी

आठवण ठेवलीत, छान. चांग यांच्या उत्तरायुष्यातल्या कामातलं मला सर्वांत आवडणारं हेच.

तिबेटच्या पठाराच्या उत्तरेला छायदाम नावाचं मोठं खोरं आहे. आज ते वाळवंट आहे, खारट तळी आणि मीठ. तिथल्या प्लायोसीन काळातल्या थरांत, म्हणजे काही दशलक्ष वर्षांपूर्वीच्या, माशांचे सांगाडे मिळाले. हाडं अविश्वसनीय जाड. पाठीच्या मणक्यांपासून बारीक काट्यांपर्यंत सगळी इतकी फुगलेली, की स्नायूंना जागा किती उरली असेल असा प्रश्न पडावा. ज्या माशात मांसापेक्षा काटाच जास्त, तो पोहत तरी कसा असेल?

चांग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचं स्पष्टीकरण मांडलं. खोरं हळूहळू कोरडं होत होतं. पाणी आटत गेलं तसं त्यातलं कॅल्शियम वाढत गेलं आणि ते माशांच्या हाडांत साठलं. भूमध्य समुद्र आटला होता त्या काळातल्या एका छोट्या माशातही अशीच जाड हाडं सापडली आहेत, तो दाखला त्यांनी दिला. म्हणजे तिबेट पठार उंचावत गेलं, पाऊस अडला, प्रदेश सुकला, हा सगळा इतिहास एका माशाच्या काट्यांत लिहिलेला.

त्या माशाला त्यांनी नाव दिलं श्येनवेनिया वुई. मॉस्कोत गोंधळलेल्या विद्यार्थिनीला माशांची वाट दाखवणाऱ्या वू श्येनवेन यांचं. वू स्वतः कार्पच्या कुळातल्या माशांचे जाणकार होते आणि हा मासाही त्याच कुळातला. त्याचे आजचे नातेवाईक म्हणजे हिमालयातल्या थंड नद्यांमधले स्नो ट्राउट. कुमाऊँत त्यांना असेला म्हणतात.

---

पैंजण

अंगावर काटा आला. पन्नास वर्षांनी अशी परतफेड!

---

अभ्यासू

तेलाच्या शोधाशी त्यांचा संबंध होता असं कुठेसं वाचलंय. खरं आहे का?

---

खडकवेडी

हो. बोहाई समुद्राच्या किनाऱ्यालगत तेलासाठी विहिरी खोदल्या जात होत्या, तेव्हा वर येणाऱ्या खडकांत माशांचे अवशेष मिळायचे. कुठला थर कुठल्या काळातला आणि गोड्या पाण्यात तयार झाला की खाऱ्या, हे माशांवरून ठरवता येतं. चांग आणि चौ ज्याज्येन यांचा त्यावरचा ग्रंथ १९८५ चा. देशाला तेल हवं म्हणून भूशास्त्राकडे वळलेल्या मुलीनं ते कामही चोख केलं.

---

वाघूर

तिबेटचा विषय निघालाच आहे तर चढणाऱ्या माशाचंही सांगा. त्यात आपल्या भारतभूमीचा थेट हात आहे.

---

खडकवेडी

सर, तुम्हीच लिहा ना, तुम्ही शिकवता.

---

वाघूर

बरं. चढणारा मासा म्हणजे बंगालमध्ये खातात तो कोई, तिथल्या कोणाही मित्राला विचारा. कल्ल्यांच्या वर त्याला एक खास कप्पा असतो, त्यातून तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. त्यामुळे पाणी आटलं तर तो ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्याकडे जाऊ शकतो. उष्ण, दमट, कमी उंचीच्या प्रदेशातला मासा.

त्याच कुळातला एक जीवाश्म मध्य तिबेटात मिळाला, जिथे आजची उंची समुद्रसपाटीपासून ५००० मीटरच्या आसपास आहे. २०१७ मध्ये वू फेश्यांग, म्याओ दस्वे, चांग मी-मान आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं, नाव इओअनाबास. वय सुमारे २.६ कोटी वर्षं. सोबत ताडवर्गातल्या झाडांच्या पानांचे ठसे. हा मासा आज तिथे एक रात्र जगणार नाही. म्हणजे त्या काळी तो भाग बराच सखल, साधारण १००० मीटरच्या आसपास, आणि उबदार असावा. हिंदी महासागराकडून येणारी दमट हवा तिथवर पोचत असणार.

आपला भूखंड उत्तरेला जाऊन आशियाला धडकला, त्या रेट्यानं हिमालय आणि तिबेट उचललं गेलं. नेमकं कधी आणि कुठल्या टप्प्यांत, यावर अजून जोरदार वाद आहेत, आणि सगळे अभ्यासक या माशाचा अर्थ सारखा लावत नाहीत. पण कल्ल्यावरचा तो कप्पा दगडातही दिसतो, आणि असा मासा बर्फाळ पठारावर राहत नव्हता, एवढं तरी त्यावरून धरून चालता येतं. चांग तेव्हा ८१ वर्षांच्या होत्या.

---

ध्रुवतारा

पुढच्या वेळी संग्रहालयात गेलो की जुन्या माशांच्या दालनात युस्थेनोप्टेरॉन आहे का ते बघतो आणि फोटो टाकतो. नाकाजवळून काढू ना?

---

खडकवेडी

हो, नाकाजवळूनच. आणि जमलं तर दोन्ही बाजूंनी.